सत्पात्री औषध

डिसेंबर २०१३मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर या औषधाला परवानगी मिळाली. रोज एक गोळी, बारा आठवडे. एका गोळीची किंमत १,००० डॉलर, म्हणजे पूर्ण कोर्स ८४,००० डॉलरचा. त्याआधी हेपटायटिस सीवर इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. ती सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागत. त्यांनी ताप येई, अंग मोडून जाई, काही रुग्णांना आत्महत्येचे विचार सतावत. आणि एवढं सोसून तिथे सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराच्या विषाणूतून जेमतेम निम्मे लोक बरे होत. सोफोसबुविर आणि त्याच्या जोडीनं द्यायच्या इतर गोळ्या आल्यावर हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास गेलं. वर्षानुवर्षं शरीरात मुक्काम ठोकून राहणारा विषाणू गोळ्यांनी कायमचा निघून जातो, हे वैद्यकाला नवीन होतं.

मग प्रश्न आला, गोळी द्यायची कोणाला. गरिबांसाठीची मेडिकेड ही योजना अमेरिकेत राज्यांमार्फत चालते, आणि बहुतेक राज्यांनी अटी घातल्या. पुष्कळ ठिकाणी यकृत पुरेसं खराब झालेलं असायला हवं होतं. म्हणजे अजून थोडं सडू द्या, मग या. आणि बऱ्याच ठिकाणी आणखी एक अट होती: गेले काही महिने रुग्णानं नशा केलेली नसावी, आणि लघवी तपासून ते सिद्ध व्हावं. अमेरिकेत या आजाराचा प्रसार मुख्यतः नशेच्या सुयांमधून होतो. म्हणजे आजार ज्या वाटेनं येतो, नेमकं त्याच वाटेवर उभ्या असलेल्या माणसांना औषध नाही.

ही अट मूर्खपणाची होती असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. ती अट आपल्यातल्या बहुतेकांच्या मनात असते. फक्त फॉर्मवर छापण्याची वेळ आपल्यावर येत नाही. मराठीत तिला जुना आणि चांगला सुसंस्कृत शब्दही आहे: सत्पात्री दान. द्यावं, पण पात्र पाहून द्यावं. धडधाकट भिकाऱ्याला 'हातपाय धड आहेत की, काम कर' असं सुनावणाऱ्या माणसाला आपण क्रूर आहोत असं वाटत नाही, विवेकी आहोत असंच वाटतं. आपल्या भाषेत लायकी, योग्यता, पात्रता या शब्दांना जो मान आहे तो गरजेला नाही. 'गरजू' या शब्दाच्याही मागोमाग 'होतकरू' येतो. गरजू आणि होतकरू विद्यार्थ्यांना वह्यावाटप. होतकरू नसलेल्या गरजूनं वही कुठून आणायची, हे त्या फलकावर लिहिलेलं नसतं.

तर अटीची बाजू आधी नीट मांडू. नशेची इंजेक्शनं घेणाऱ्या माणसाला औषध देणं हे पालथ्या घड्यावर पाणी आहे, कारण एक तर तो गोळ्या वेळेवर घेणार नाही, आणि घेतल्या तरी बरा होऊन पुन्हा तीच सुई टोचून घेईल. पैसा मर्यादित आहे. जो बरा होऊन बरा राहील त्याला आधी द्या. यात तुच्छता असेलच असं नाही, हिशेब आहे. आणि हिशेब असेल तर तो तपासता येतो.

पहिला भाग लवकर निकालात निघतो. १९९७मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ-मंडळानं सल्ला दिला होता, की नशा सुटून किमान सहा महिने झाल्याशिवाय उपचार करू नयेत. २००१मध्ये ब्रायन एडलिन आणि सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये या सल्ल्याला आधार काय, असा सरळ प्रश्न विचारला, आणि पुढच्याच वर्षी मंडळानं आपली भूमिका बदलून ज्याचं त्याचं पाहून ठरवा असं सांगितलं. मेडिकेडची अट त्यानंतर दशकभरानं आली, ही गंमत नोंदवून ठेवायला हवी. सिम्प्लिफाय नावाच्या चाचणीत अलीकडेच इंजेक्शन घेतलेल्या १०३ जणांना गोळ्या दिल्या गेल्या. ९४ टक्के बरे झाले. ज्याला रोज ठरलेल्या वेळी माल मिळवण्यासाठी शहर पालथं घालावं लागतं, त्याला रोज एक गोळी जड नसावी. शिस्त हा त्याचा प्रश्न नाहीच.

दुसरा भाग अवघड आहे, कारण तो खरा आहे. हेपटायटिस सीवर लस नाही, आणि एकदा बरं झाल्यानं पुढच्या वेळी संरक्षण मिळत नाही. इंजेक्शनं चालू ठेवणाऱ्यांमध्ये पुन्हा लागण होण्याचं प्रमाण वर्षाला शंभरात साधारण सहा आहे. लोकांना वाटतं त्यापेक्षा हे कमी आहे, पण शून्य नाही. म्हणजे घडा काही अंशी पालथा आहे असं मान्य करून पुढे जायला हवं.

इथे माझ्या धंद्यातली सवय आड येते. आम्ही सॉफ्टवेअरवाले एखादी गोष्ट पाहिली की ती एकटी आहे की जाळ्यात, हे आधी विचारतो. सत्पात्री दानाच्या चित्रात दोघंच असतात: देणारा आणि घेणारा. संसर्गजन्य आजारात दोघं कधीच नसतात. समजा, एकमेकांच्या सिरिंज वापरणारे शंभर जण आहेत आणि त्यातल्या वीस जणांना लागण झाली आहे. त्यातल्या एकाला बरं केलं तर तो ज्यांच्यात परत जातो त्यातले बहुतांश निरोगी आहेत. त्यामुळे त्याला पुन्हा लागण व्हायला वेळ लागेल, आणि दरम्यान त्याच्यापासून ज्या ऐंशी जणांना धोका होता तो टळला. हाच पैसा नशा सोडून दहा वर्षं झालेल्या माणसावर खर्च केला, तर तो एकटा बरा होईल. तो कोणाला आजार देतच नव्हता. म्हणजे एका गोळीत जास्त आरोग्य हवं असेल तर ती 'अपात्र' माणसाला द्या, असं गणित निघतं. ही माझी कल्पना नाही. नताशा मार्टिन, पीटर विकरमन वगैरे मंडळींनी इंटरफेरॉनच्या काळातच याची प्रतिमानं मांडली होती, आणि लागणीचं प्रमाण २० किंवा ४० टक्के असताना इंजेक्शनं घेणाऱ्यांवर उपचार करणं हे इतरांवर करण्यापेक्षा पैशाच्या हिशेबानं सरस ठरतं, असं २०१२मध्ये दाखवलं होतं.

आइसलँडनं हे करून पाहिलं. २०१६च्या सुरुवातीला त्यांनी देशव्यापी उपचार सुरू केले, आणि प्राधान्य दिलं ते इंजेक्शनं घेणाऱ्यांना. पुन्हा लागण झाली तर पुन्हा औषध. रेक्याविकमधल्या व्होगुर या व्यसनोपचार रुग्णालयात दाखल होणाऱ्या अशा रुग्णांमधलं लागणीचं प्रमाण २०१५मध्ये ४३ टक्के होतं, ते २०१७मध्ये १२ टक्के झालं. (औषध कंपनीनं फुकट दिलं होतं आणि देश आपल्या एखाद्या तालुक्याएवढ्या लोकसंख्येचा आहे, हेही सांगायला हवं.)

इथपर्यंत आल्यावर बरं वाटतं. दयाळूपणा आणि हिशेब एकाच बाजूला निघाले की माणूस खूश होतो. पण मार्टिनबाईंच्या त्याच अभ्यासात पुढचा आकडाही आहे. लागणीचं प्रमाण ६० टक्के धरलं की उत्तर उलटतं. शंभरातले साठ बाधित असतील तर बरा झालेला माणूस ज्यांच्यात परत जातो त्यातल्या बहुतेकांकडे विषाणू आहे. त्याची पुन्हा लागण लवकर होणार, आणि त्याच्यापासून वाचवण्यासारखे निरोगी लोकही कमीच उरलेत. तिथे पैसा जुन्या, सुटलेल्या लोकांवर खर्च करणं फायद्याचं.

आता हा आकडा घेऊन मणिपूरला या. म्यानमारच्या सीमेवरून येणारं हेरॉईन तिथे १९८०च्या दशकात पसरलं, आणि १९८९-९०च्या सुमारास इंजेक्शनं घेणाऱ्यांमध्ये एचआयव्ही सापडू लागला. हेपटायटिस सी तर एचआयव्हीपेक्षा सुईतून सहज पसरतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, मणिपुरातल्या एचआयव्हीबाधित इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना हेपटायटिस सीदेखील होता. ज्या पोरांपाशी सर्वांत जास्त आजार, त्यांच्यावर औषध सर्वांत कमी 'फायद्याचं'. आइसलँडच्या मुलाला गोळी मिळते कारण त्याचं जाळं स्वच्छ आहे. चुराचांदपूरच्या मुलाला मिळत नाही कारण त्याच्या सगळ्याच मित्रांना लागण झाली आहे. उपयुक्ततेच्या आधारावर आपण औषधाचं समर्थन करणार असू, तर हेही गिळावं लागेल. मला गिळता येत नाही. जो कधी पेशंट मानलाच गेला नव्हता, तो आता इतरांना वाचवण्याचं साधन म्हणून पेशंट झाला आहे, आणि साधन महाग पडलं की पुन्हा बाहेर.

दुसरा मार्ग दयेचा. हे मी एकदा ऑफिसमध्ये जेवताना बोललो तेव्हा टीममधला एक जण म्हणाला, "अरे, पण त्याला कोणी सांगितलं होतं सुई टोचून घ्यायला? माझ्या टॅक्समधून का?" त्यावर दुसरी म्हणाली, "असं काय बोलतोस, व्यसन हा आजार आहे. त्याच्या हातात काही नसतं." दोघं बराच वेळ भांडले. मला मात्र दोघं एकाच बाजूचे वाटत होते. दोष त्याचा आहे की नाही यावर औषध ठरेल, हे दोघांनाही मान्य होतं. फक्त दोष कितपत आहे याबद्दल मतभेद होता. 'त्याच्या हातात काही नसतं' हे वाक्य मायाळू आहे, पण त्याची किंमत तोच माणूस मोजतो. औषध मिळवण्यासाठी त्याला आपण असहाय असल्याचं कबूल करावं लागतं. आणि ते खरंही नाही. बारा आठवडे गोळ्या घेणारा, मित्राला स्वतःच्या आधी स्वच्छ सिरिंज देणारा माणूस ठरवूनच काही करत असतो. तो कधी कधी वाईट ठरवतो, आणि ते आपणही करतो.

एलिझाबेथ अँडरसन या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी १९९९मध्ये समतेवर एक निबंध लिहिला, त्यात या दोन्ही टोकांवर बोट ठेवलं आहे. दुर्दैवाची भरपाई करायची आणि स्वतःच्या निर्णयाची फळं ज्याची त्यानं भोगायची, असा समतेचा अर्थ लावला, तर बेदरकार गाडी चालवून अपघात करून घेतलेल्याला रस्त्यात सोडून द्यावं लागेल. आणि ज्यांना मदत करायची त्यांना आधी हीन ठरवावं लागेल, म्हणजे मग त्यांची कीव करता येईल. आपल्याकडची अपघातातल्या जखमीला उचलायची रीत मात्र वेगळी आहे. हेल्मेट होतं का, हे आपण विचारतो, पण रिक्षात घातल्यानंतर.

आणि दोषाची मोजपट्टी आपण सगळ्यांना लावतच नाही. इजिप्तमध्ये १९५०च्या दशकापासून सुमारे तीस वर्षं सरकारनं बिल्हार्झिया या कृमिरोगावर गावोगाव इंजेक्शनं दिली. सुया नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरल्या गेल्या, आणि इजिप्त जगात हेपटायटिस सीनं सर्वांत ग्रासलेल्या देशांपैकी एक झाला. पुढे २०१८-१९मध्ये त्याच सरकारनं सात महिन्यांत जवळपास पाच कोटी लोकांची तपासणी करून उपचार दिले; सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातलं हे प्रचंड काम आहे. तिथल्या शेतकऱ्याला कोणी पात्रता विचारली नाही, ते बरोबरच होतं. पण विषाणू तोच, वापरलेली सुई तशीच. फरक एवढाच, की सुई धरणारा हात सरकारी होता. आपल्याकडे 'डॉक्टरनं सुईच दिली नाही, बरं कसं वाटणार?' म्हणणारे पेशंट आणि एकाच सिरिंजवर दवाखाना चालवणारे महाभाग कमी झाले असतील, संपलेले नाहीत. तिथून लागण झालेल्यालाही कोणी 'का घेतलीस सुई?' म्हणत नाही.

टंचाईबद्दलही एक गोष्ट बोलायला हवी. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सिअ‍ॅटलमध्ये डायलिसिसची यंत्रं मोजकी होती, आणि कोण जगणार हे ठरवायला सामान्य नागरिकांची समिती नेमली होती. उमेदवाराची नोकरी, कुटुंब, चर्चला जाणं, सगळं पाहिलं जाई. 'लाइफ' साप्ताहिकानं १९६२मध्ये हे छापल्यावर मोठी चर्चा झाली. निदान तिथे यंत्रं खरोखर कमी होती. सोफोसबुविरच्या बारा आठवड्यांच्या गोळ्या बनवायला ६८ ते १३६ डॉलर पुरतील, असा अंदाज अँड्र्यू हिल आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये मांडला होता. त्याच वर्षी भारतीय कंपन्यांना परवाने मिळाले आणि काही वर्षांत इथे पूर्ण कोर्स काही हजार रुपयांत मिळू लागला. म्हणजे गोळी कमी नव्हती. किमतीनं ती कमी केली, आणि मग त्या टंचाईला साजेशी नीती शोधली गेली. ऑस्ट्रेलियानं मार्च २०१६पासून कंपन्यांशी ठोक रकमेचा करार करून, इंजेक्शनं घेणारे आणि तुरुंगातले कैदी यांच्यासह सर्व प्रौढांना औषध खुलं केलं. तिथे रुग्ण जितके जास्त, तितका दर रुग्णामागे खर्च कमी. पात्रतेचा प्रश्न सुटला नाही. तो विचारण्याची कोणाला गरज राहिली नाही.

भारतात २८ जुलै २०१८ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि कागदावर ही अट आपल्याकडे नाही. औषध मोफत आहे, इंजेक्शनं घेणारे जोखमीच्या गटात धरलेले आहेत. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार असे सुमारे साडेआठ लाख लोक देशात आहेत. अट आहे ती वातावरणात. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यात सेवन हाच गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या ६४-अ कलमात उपचाराला स्वतःहून येणाऱ्याला खटल्यातून सूट आहे. एका सरकारी खात्याच्या पैशातून सुया वाटल्या जातात, दुसऱ्या खात्याचा शिपाई खिशात सुई सापडली म्हणून पकडतो.

मराठी माणसाच्या मनात या विषयाचं जे चित्र आहे ते बरंचसं अनिल अवचटांच्या 'गर्द'नं आणि १९८६मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगणनं घडवलं आहे. 'गर्दुल्ला' म्हणून ज्याला हाकलत होतो त्याच्याकडे माणूस म्हणून पाहायला या दोघांनी शिकवलं, हे ऋण मोठं आहे. पण आपल्या कल्पनेत त्यातून एकच दार राहिलं: व्यसनमुक्ती. जो मुक्त होऊ पाहतो तो आपला. ज्याला आज मुक्त व्हायचं नाही, किंवा पाचव्यांदा जमलेलं नाही, त्याच्याशी काय बोलायचं हे आपल्याला सुचत नाही. ती भाषा मुंबईत 'संकल्प'सारख्या संस्था, इम्फाळमध्ये जुन्या व्यसनींनीच उभी केलेली 'सासो' बोलत आल्या आहेत: ही घे स्वच्छ सिरिंज, हे जिभेखाली ठेवायचं ब्युप्रेनॉर्फिन, ही तपासणी, उद्या परत ये. इंग्रजीत याला 'हार्म रिडक्शन' म्हणतात. मराठीत रुळलेला शब्द नाही, आणि शब्द नसण्याचं कारण शब्दकोशात सापडणार नाही.

मग तिसऱ्यांदा लागण झालेला माणूस दारात आला तर? माझं उत्तर: औषध द्यावं. चौथ्यांदाही. सिऱ्हॉसिस व्हायला वीस-तीस वर्षं लागतात, आणि नशा सोडणारे पुष्कळदा चाळिशीत सोडतात. तोवर त्यांचं यकृत शाबूत असावं, हे एक कारण. पण तो कधीच सोडणार नाही असं मला लेखी कोणी दिलं, तरी माझं उत्तर बदलत नाही. आजारी आहे, औषध आहे, एवढ्यावर डॉक्टरनं थांबावं. पुन्हा पुन्हा उघडणारं तिकीट आमच्याकडे आलं की आम्ही युजरची लायकी काढत नाही (काढतो, पण चहाच्या टपरीवर). सिस्टीममध्ये कुठे गळतंय ते शोधतो.

गळतंय कुठे, हे बऱ्यापैकी माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट आहे, की २०३०पर्यंत इंजेक्शन घेणाऱ्या दर माणसाला वर्षाला ३०० स्वच्छ सिरिंज मिळाव्यात. दिवसाला एकही नाही, आणि हेरॉईन घेणारा दिवसातून तीन-चारदा टोचतो. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१०मध्ये दाखवलं, की वापरलेल्या सिरिंजमध्ये हा विषाणू ६३ दिवसांपर्यंत तग धरू शकतो. पण सगळ्या सिरिंजमध्ये सारखा नाही. सुई वेगळी काढता येते अशा नेहमीच्या सिरिंजमध्ये दट्ट्या पूर्ण दाबला तरी सुईच्या बुडाशी थोडी पोकळी उरते, आणि तिथे सुमारे ८४ मायक्रोलिटर द्रव राहतो. इन्शुलिनच्या सिरिंजसारखी सुई पक्की बसवलेली असेल तर जेमतेम २. राहिलेलं रक्त जितकं कमी, तितका विषाणू कमी, आणि तो टिकतोही कमी दिवस. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२मध्येच कमी पोकळीच्या सिरिंज द्याव्यात असं सुचवलं. अडचण अशी, की वर्षानुवर्षं टोचून हाताच्या शिरा गेलेला माणूस जांघेतली खोल शीर शोधतो, आणि तिथे इन्शुलिनची आखूड सुई पोचत नाही. तो लांब सुईकडेच वळतो. त्याच्यासाठी सुई काढता येईल पण पोकळी उरणार नाही अशी रचनाही झाली आहे. दट्ट्याच्या टोकाला एक बारीक दांडी असते, आणि दट्ट्या तळाशी टेकला की ती सुईच्या बुडातली जागा भरून टाकते.